कुणाची गं तू?

ग्रीनव्हिल, मिसिसिपी
१४ ऑगस्ट

रेनिटा, आणि तिच्या खांद्यावरून वाकून हे पत्र वाचणारी डेट्रॉइटमधली माझी सगळी भाचरं,

आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे, ते आधी मांडते. जग आपल्या घरात शिरतं आणि हाताला लागेल ते उचलून नेतं. आपल्या काळ्या माणसांची गाणी नेली, नाच नेले, केसांच्या वेण्या नेल्या, आपण चिडल्यावर जे शब्द वापरतो तेसुद्धा नेले. नेताना एकानेही दारात थांबून विचारलं नाही की बाई, या घरात राहतं कोण? मासे कापण्याच्या कारखान्यात बायकांची युनियन बांधताना मी आयुष्यभर हेच ओरडत आले. गावच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचून डोळे अधू झाले, पण आपल्या घरात जे आहे ते एका जागी मांडलेलं मला कुठे सापडलं नाही.

आणि गेल्या शनिवारी, आपल्या घराण्याच्या मेळाव्यात, तू चर्चच्या जेवणघरातल्या टेबलावर एक काळा खोका ठेवलास. पत्त्यांचा खेळ, म्हणालीस. मीच बनवलाय, म्हणालीस. नाव वाचून मला हसू आलं. ‘कुणाची गं तू?’ इथली प्रत्येक म्हातारी अनोळखी पोर दिसलं की हनुवटी धरून हेच विचारते. मला वाटलं, चला, पोरांची करमणूक होईल, तोवर मी मासे तळून घेते.

मग तू पहिला पत्ता वाचलास. ‘आईने गरम कंगवा चुलीवरून उचलला. तुझा हात कुठे?’

रेनिटा, मी परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मिलवॉकीहून आलेले, लॉस एंजेलिसहून आलेले, एकमेकांची नावंही धड ठाऊक नसलेले लोक, आणि केस सरळ करताना चटका बसू नये म्हणून कान धरावा तसे सगळ्यांचे हात एकाच क्षणी कानावर. पुरुषांचेसुद्धा, ज्यांनी फक्त बहिणींना किंचाळताना ऐकलं होतं. कुणी विचार केला नाही. हात आपोआप गेला. हे कुठल्या शाळेने शिकवलं? कुठल्या पुस्तकात आहे? मिसिसिपीतल्या चुली मागे टाकून आपली माणसं आगगाडीने उत्तरेला गेली, तिथे कारखान्यांत झिजली, तिथेच मेली, आणि तो हात अजून कानावर आहे. मी सभांमधून जे सांगायला तास घालवले ते तुझ्या एका पत्त्याने करून दाखवलं. मी परात खाली ठेवली आणि नुसती बघत राहिले.

आता दुसरी गोष्ट. लुशसची मुलगी जेवायच्या आधी निघून गेली. माझा धाकटा भाऊ विमानदळात गेला, नॉर्थ डाकोटातल्या तळावर राहिला, तिकडच्या गोऱ्या इन्ग्रिडशी लग्न केलं आणि कोरीन शाळेत असतानाच वारला. त्याची ही एकुलती एक मुलगी. तिने पहिल्यांदा इथे पाऊल टाकावं म्हणून मी तीन वर्षं पत्रं लिहिली. ती तुझ्या टेबलाशी बसली होती. मी मासे घेऊन बाहेर आले तर तिची खुर्ची रिकामी आणि अंगणातली गाडीही गेलेली. माझ्या पत्राला उत्तर नाही. लुशस तर गेला, पण त्याचं पोरही माझ्या हातातून गेलं तर मी काय करू?

तुझ्या टेबलावर काय झालं ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतेस.

तुझी मावशी,
ओडेसा टॉलिव्हर


डेट्रॉइट
२३ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं पत्र आईनेही वाचलं. म्हणाली, ‘माझी बहीण भाषण केल्याशिवाय मीठसुद्धा मागत नाही.’ पण कंगव्याचा परिच्छेद तिने दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसला.

कोरीनचं सांगते. आमच्या टेबलाशी मी, क्लिओफसमामा, मिलवॉकीची दोघं आणि ती. परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. खेळ तुला माहीत आहे: प्रत्येकाला स्वतःची पाच कार्डं, उत्तर चुकलं की एक जातं, पाचही गेली की ‘कार्ड जप्त’, म्हणजे तू आपल्यातली नाहीस, घरी जा. ही आपल्याकडची जुनीच थट्टा, मी तिचा फक्त नियम केला. कुणाचं ना कुणाचं रोज जप्त होत असतं. माझंच तीनदा झालंय, कारण मला पत्ते नीट पिसता येत नाहीत.

तिला पहिला पत्ता आला: ‘बटाट्याचं सॅलड ताटात घेण्याआधी काय विचारायचं?’

ती म्हणाली, “ताजं आहे का?”

आम्ही खुर्चीवरून पडायचे बाकी होतो. क्लिओफसमामा म्हणाला, “पोरी, ताजं असून उपयोग काय? कुणी केलंय ते विचार. माणसं त्यावर जगतात किंवा मरतात.” मग म्हणाला, “ए डाकोटा, तुमच्याकडे जेवणात मिरपूड टाकली तर अ‍ॅम्ब्युलन्स येते म्हणे?”

“अ‍ॅम्ब्युलन्स नाही काका,” ती म्हणाली, “आगीचा बंब.”

मामाला ती आवडली, हे मला तेव्हाच कळलं. ज्याला तो टोपणनाव देतो त्याला तो आपलं मानतो. पण पत्ते तिच्या विरुद्धच पडत गेले. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी रांगेत नाचायचा ठेका वाजला की पहिलं पाऊल कुठे? सगळे उजवीकडे, ती डावीकडे. गाण्याची पहिली ओळ मी म्हटली, दुसरी तिला येईना. शनिवारी सकाळी घरात मोठ्याने गाणी लागली म्हणजे काय? ती म्हणाली, “कुणाचा तरी वाढदिवस?” अगं, झाडू घ्यायचा असतो. आणि शेवटी, आजीच्या कपाटातला बिस्किटांचा निळा डबा उघडला, आत काय?

“बिस्किटं,” ती म्हणाली.

मावशी, सुई-दोरा म्हणायला दोन वर्षांचं पोरही चुकत नाही.

मामाने माईक उचलला आणि जाहीर केलं, “नॉर्थ डाकोटाचं कार्ड जप्त. परत हवं असल्यास अर्ज करावा. चौदा वर्षांत उत्तर मिळेल.” सगळा हॉल हसला. खेळ संपलाच होता. ती उठली, जाताना आम्हाला बोट दाखवलं आणि निघून गेली. होय, शिवीचं बोट. भर चर्चच्या जेवणघरात. मला वाईट वाटलं, पण रागही आला. थट्टा सोसत नसेल तर या घराण्यात निभाव कसा लागणार?

खेळ ऑक्टोबरअखेर छापखान्यात द्यायचाय. तुझ्या कौतुकाची दोन वाक्यं खोक्यावर छापू का?

तुझी,
रेनिटा


ग्रीनव्हिल
२८ ऑगस्ट

रेनिटा,

कौतुकाचं नंतर बघू. एवढ्याचंच उत्तर दे.

कुठलं बोट? कुठल्या हाताचं? हात किती वर होता? दुसरा हात कुठे होता? पाठ ताठ होती की वाकलेली? आणि त्या वेळी हॉलमध्ये कोण बोलत होतं?

तू जाहिरातीसाठी फोनवर चित्रण करत होतीस, हे मला आठवतंय. तुझ्या आठवणीला विचारू नकोस. फोनला विचार.

मावशी


डेट्रॉइट
५ सप्टेंबर

मावशी,

चित्रण मी आधीही पाहिलं होतं, पण आवाज बंद करून, आमचे हसरे चेहरे निवडायला. या वेळी आवाज लावला.

उजवा हात. तर्जनी. खांद्याएवढी वर, सरळ आभाळाकडे, आमच्याकडे नाही. डावा हात पाठीमागे, कमरेवर मूठ करून ठेवलेला. पाठ वाकलेली, मान खाली, पाय इतके हलके की खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. आणि मागे चर्चचे कारभारी डीकन ओथांचा आवाज. आपल्या गेलेल्या माणसांची नावं ते वाचत होते. ‘लुशस रे टॉलिव्हर,’ ते म्हणतात, आणि ती उठते.

मी तुला लिहिलं की खेळ संपला होता. संपला नव्हता. नावं वाचायला सुरुवात झाली तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी हातातलं खाली ठेवलं. आमच्या टेबलाने ठेवलं नाही. मी पत्ता तोंडावर धरून हसतेय, ते फोनमध्ये दिसतं. मामाने जप्तीची घोषणा केली ती नावं वाचून झाल्यावर. तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. मी क्रम बदलला. मुद्दाम बदलला की तसाच आठवला, हे मला आता सांगता येत नाही.

आणि सगळ्यात वाईट ऐक. माझ्या खेळात तो पत्ता आहे. ‘पाद्री बोलतायत आणि तुला बाहेर जायचंय. काय करतेस?’ एक बोट वर, मान खाली: माफी असावी, मी निघते, परत येते. त्या पत्त्यावरचं चित्र मी आरशासमोर उभी राहून, स्वतःचा हात बघून काढलंय. तीच खूण माझ्या हाताच्या अंतरावर, जिवंत, एका माणसाने केली आणि मला ती शिवी वाटली. कारण ती कोरीन होती. तिला हे येत असेल असं माझ्या मनातच आलं नाही.

मी तिला तीन संदेश पाठवले. उत्तर नाही.

रेनिटा


ग्रीनव्हिल
१० सप्टेंबर

रेनिटा,

तुझं पत्र मिळालं.

आमचे वडील इथल्या चर्चच्या दारावरचे सेवक होते. लुशस नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याला पांढरे हातमोजे घातले. बोटं रिकामी लोंबायची. एक हात पाठीमागे, एक हात पुढे, तोंडातून शब्द नाही, सगळं खुणांनी. प्रार्थना चालू असताना राज्यपाल आला तरी दारात थांबवायचा, हे वडिलांचे शब्द. पोरगं तासन् तास उभं राहायचं. मग विमानदळाची पत्रं आली आणि तो गेला. तिकडे बर्फात, जिथे आपल्यातलं दुसरं कुणी नव्हतं, त्याने हे एका लेकराच्या हातात ठेवलं. कुणी पाहायला नव्हतं, कुणी शाबासकी द्यायला नव्हतं. कशाच्या आधारावर ठेवलं असेल? आपण इथे सगळे एकत्र राहून, रोज एकमेकांना बघून, विसरायला लागलो.

तुझ्या खेळाला मी दोष देत नाही. थट्टेलाही नाही. आपली माणसं थट्टा करत नसती तर रडून रडून कधीच संपली असती. पण जो माणूस समोर उत्तर देतोय त्याच्याकडे न बघता आपण पत्त्यावरचं उत्तर वाचत बसलो, हे खरं आहे.

तुझं पत्र मी क्लिओफसला वाचून दाखवलं. माझ्या पोर्चवर बसला होता. ऐकून म्हणाला, “ओडेसा, माझ्याकडून माईक काढून घे.” मी म्हटलं, माईक राहू दे, कान उघड.

आता तू संदेश पाठवणं बंद कर. गाडी काढ आणि जा. माफी पायांनी मागायची असते.

मावशी


हॅल्व्होर, नॉर्थ डाकोटा
१३ ऑक्टोबर

मावशी,

घरी परतायची वाट न बघता आजच लिहिते.

दोन दिवस गाडी चालवत आले. इथे जमीन इतकी सपाट आहे की समोरून येणारी गाडी पोहोचेपर्यंत माझं एक गाणं संपायचं. इन्ग्रिडमामीला फोन केला तर म्हणाली, “रविवारी कोरीन चर्चमध्ये असते. तिथेच ये.” तेवढंच. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती.

मी उशिरा पोहोचले. लाकडी, पांढरं, लहानसं चर्च, बाहेर ट्रक उभे. पायऱ्या चढताना मी मनात वाक्यं जुळवत होते. दार ढकललं आणि समोर कोरीन उभी. पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. मी तोंड उघडलं, तर तिने उजवा तळहात माझ्या छातीसमोर धरला. थांब. आत प्रार्थना चालू होती.

मावशी, तिने मला ओळखलं होतं. पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी हजार मैल माफी मागायला आले होते आणि मला त्या तळहातासमोर गप्प उभं राहावं लागलं. तो हात थरथरत नव्हता, ढकलतही नव्हता. एवढी मोठी असून मी कुणासमोर इतकी लहान कधी झाले नव्हते. प्रार्थना संपली, तिने दोन बोटांनी खूण केली, पुढे चालली, आणि मला अगदी पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. तिथे कुणी बसायला धजत नाही, हे जगभर सारखंच दिसतं.

प्रवचन सुरू झालं. थोड्या वेळाने माझ्या बाजूच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी उठला. लालबुंद मान, हात फावड्यासारखे. त्याने उजवी तर्जनी खांद्याएवढी वर केली, मान खाली घातली आणि वाकून, पावलं न वाजवता बाहेर गेला.

मला वाटलं, भास झाला. मग एक बाई कडेवरचं मूल रडायला लागलं म्हणून उठली. तर्जनी वर. मग एक शाळकरी मुलगी. तर्जनी वर. पिवळ्या केसांची, निळ्या डोळ्यांची माणसं, ज्यांच्या आज्या नॉर्वेहून आल्या, आणि ती आपल्या मिसिसिपीच्या चर्चमधून बाहेर पडावं तशी बाहेर पडत होती. माझे हात मांडीवर होते. मी ते घट्ट धरून ठेवले.

खाली तळघरात शरदातलं सामुदायिक जेवण होतं. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या. मिरपूड नव्हती, हे क्लिओफसमामाला सांग. तो लाल मानेचा म्हातारा, आर्व्हिड, माझ्यासमोर बसला. मी विचारलं, “तुम्ही बाहेर जाताना बोट का वर केलंत?”

“गाय व्यायला आली होती,” तो म्हणाला.

“पण बोट?”

“ते लुशसचं बोट,” तो म्हणाला, जणू मी टेबलाला टेबल का म्हणतात ते विचारलं होतं. “तो यायच्या आधी आम्ही गुरांसारखे उठून जायचो. लुशस दारात उभा राहायला लागला. बोलायचा नाही काही. पण तुम्ही धडपडत निघालात की असं बघायचा, की पुढच्या वेळी विचारावंच लागायचं, बाबा, कसं जायचं असतं? त्याने दाखवलं. म्हणाला, माझ्या वडिलांच्या चर्चमध्ये असं जातात. एवढंच.” मग बशीकडे बघत म्हणाला, “तो गेला त्या रविवारी प्रवचन चालू असताना सगळे उठलो. एकेक करून. बोट वर करून, बाहेर, त्याच्या थडग्यापर्यंत. पाद्रीबाई एकटीच आत राहिली आणि मग तीही आली.”

मी माझी बशी त्याच्यापुढे सरकवली, मावशी.

जेवणानंतर कोरीन आली. हातमोजे काढून खिशात ठेवलेले. म्हणाली, “खेळ आणलायस?” मी म्हटलं, गाडीत आहे, पण मी त्यासाठी नाही आले. “माहितीय,” ती म्हणाली, “आण. हे लोक हरण्यात पटाईत आहेत.”

आणि ते हरले. कंगव्याच्या पत्त्याला आर्व्हिड म्हणाला, “चटका बसेल म्हणून लांब उभं राहायचं.” सॅलडच्या पत्त्याला सगळे एकसुरात “ताजं आहे का?” आणि कोरीन इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग माझ्या हातात तो पत्ता आला. मी तो लपवणार होते. ती माझ्याकडे बघत होती, म्हणून वाचला. ‘पाद्री बोलतायत आणि तुला बाहेर जायचंय. काय करतेस?’

आपल्याकडे या पत्त्याला आरडाओरडा होतो. इथे कुणी ओरडलं नाही. आख्ख्या तळघरात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटं वर गेली. म्हाताऱ्यांची, पोरांची, सैपाकघरात भांडी घासणाऱ्या बायकांची, साबणाच्या फेसासकट. आणि कुणी खाली घेईना. कोरीन भिंतीला टेकून उभी होती. तिचंही वर होतं. मी माझं वर केलं तेव्हा मला कळलं की मी हे आयुष्यात पहिल्यांदा खेळाबाहेर करतेय.

मी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतली. क्षमा केली की नाही ते बोलली नाही. म्हणाली, “आत्याला मी स्वतः लिहीन.”

रेनिटा


हॅल्व्होर
२० ऑक्टोबर

प्रिय ओडेसा आत्या,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. रागात लिहू नये असं पपा सांगायचे. मग राग जायची वाट पाहिली.

मी हरले म्हणून गेले नाही. पपा म्हणायचे, क्लिओफसकाका पत्ते खेळताना लिलावात बोली लावल्यासारखा ओरडतो, त्याने चिडवलं तर समज तू घरात आहेस. मला तिथे मजा येत होती. आगीच्या बंबावर ते हसले तेव्हा मला वाटलं, जमलं.

पण मग नावं सुरू झाली. पपांनी मला सांगितलं होतं की दारावरच्या सेवकाचं नाव वाचतात तेव्हा दुसऱ्या सेवकाने हातमोजे घालून दारात उभं राहायचं. माझे हातमोजे गाडीत होते. नावं क्रमाने येतील, वेळ मिळेल असं वाटलं, पण पपांचं नाव लवकर आलं. म्हणून मी रजा घेऊन उठले. हातमोजे घालून परत दाराशी आले तोवर नावं संपली होती आणि माईकवर माझ्या कार्डाचं चाललं होतं. सगळे हसत होते. त्यात काका दुष्टपणे हसत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं. पण मी हातमोजे घालून उभी होते, आणि पपांसाठी उभं राहायची वेळ निघून गेली होती. ते हातमोजे घालून आत येऊन मासे कसे खाणार?

मला कार्ड परत नको. रेनिटा द्यायला निघाली होती, मी घेतलं नाही. मला एकच हवंय. पुढच्या वर्षी मी आले तर मला खेळायला बसवू नका. नावं वाचली जातील तेव्हा मला दारात उभं राहू द्याल का?

तुमची,
कोरीन


ग्रीनव्हिल
२ नोव्हेंबर

टॉलिव्हर घराण्यातल्या सगळ्यांना. डेट्रॉइट, मिलवॉकी, लॉस एंजेलिस आणि इथल्या गल्लीतल्यांनाही,

या पत्राबरोबर रेनिटाचं आणि कोरीनचं, अशी दोन्ही पत्रं नक्कल करून पाठवते आहे. आधी ती वाचा, मग माझं. क्लिओफसने वाचली आहेत. त्याने काय केलं ते मी सांगणार नाही, त्याने मला शपथ घातली आहे.

मी आयुष्यभर सभांमध्ये सांगत आले की आपल्या घरातून जे बाहेर गेलं ते लुटलं गेलं. बहुतेक लुटलंच गेलं, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण माझ्या भावाने काहीतरी उघड्या हाताने देऊन टाकलं, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी त्याला त्याचंच नाव दिलं. नॉर्वेजियन शेतकरी गाईसाठी उठतो आणि माझ्या बापाच्या चर्चला वंदन करून बाहेर पडतो. मी म्हातारी झाले, पुष्कळ वाचलं, पुष्कळ बोलले, आणि हे मला ठाऊक नव्हतं. आठवडाभर मी रोज सकाळी ते पत्र पुन्हा वाचते आहे, कारण पहिल्या दिवशी विश्वास बसला नाही आणि आजही पुरता बसत नाही.

रेनिटा जप्तीचा नियम खोक्यातून काढायला निघाली होती. मी नको म्हटलं. चिडवणं राहू दे. ज्या दिवशी आपण एकमेकांना चिडवणं सोडू त्या दिवशी आपण पाहुणे होऊ. खेळ जसा आहे तसा छापखान्यात गेला. फक्त गेलेल्यांची नावं सुरू झाली की टेबलावरचे पत्ते उपडे पडतील, आणि ज्याच्या हातात पत्ता दिसेल त्याला माझ्या हातचा मासा मिळणार नाही.

कोरीनला मी हो लिहिलं. पण तिने मागितलं त्यापेक्षा जास्त लिहिलं. नावं वाचण्यापुरतं नाही, पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत ती दारात उभी राहील. तिचं उत्तर काल आलं. ती येते आहे, आणि आईला घेऊन येते आहे.

आता तुमच्याकडून एकच काम हवं आहे. मला ठाऊक आहे, तुम्ही सगळे मागच्या अंगणात गाडी लावता आणि स्वयंपाकघराच्या दाराने घुसता, कारण तिथून भांड्यांत डोकावता येतं. या वेळी ते दार मी आतून कुलूप लावून बंद करणार आहे. पुढच्या ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पुढच्या दाराने या. तिने तळहात पुढे धरला तर थांबा, पोरं कडेवर असोत, भूक लागलेली असो, गुडघे दुखत असोत. तिने खूण केल्याशिवाय कुणीही, मीसुद्धा, उंबरठा ओलांडायचा नाही.

ओडेसा टॉलिव्हर